पांढऱ्या बाटलीचा ताप

पोटात पहिली कळ उठली तेव्हा मी दुकानात तेलाचा डबा फोडत होते. सिरसाळ्याच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची, म्हणून नवऱ्याच्या जोडीनं मीही उभी राहायची. सुटं तेल मोजून देणं हे माझं काम. शेंगदाण्याचं, करडीचं, आणि त्या वर्षांत नव्यानं येऊ लागलेलं सोयाबीनचं. सोयाबीनच्या तेलाला लोक नाक मुरडायचे आणि स्वस्त म्हणून तेच न्यायचे. कळ आली तशी मी डब्यावर वाकले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. जीपच्या मागच्या सीटवर मी आडवी, डोकं सासूबाईंच्या मांडीवर, आणि बीडपर्यंतचा एकेक खड्डा माझ्या पोटात.

आतड्याला पीळ पडला होता. पीळ पडलेला भाग काळा पडून मेला होता, तो कापून काढावा लागला. लहान आतडं उरलं ते थोडंच. हे मला शुद्धीवर आल्यावर सर्जननी सांगितलं. चाळिशीच्या आतले, मुंबईत शिकून आलेले, हुशार माणूस. त्यांच्या हातानं मी वाचले, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर सारखी चिडलेली दिसणार आहे.

बीडला तेव्हा नवे खाजगी दवाखाने निघत होते. हा त्यातलाच एक. चकचकीत फरशी, खोलीत रंगीत टीव्ही, त्याला केबल. सर्जन म्हणाले, उरलेलं आतडं हळूहळू जास्तीचं काम शिकेल, पण त्याला वेळ लागेल. तोवर तोंडानं जवळजवळ काही नाही. सगळं जेवण शिरेतून. हातावरच्या शिरेला ते झेपत नाही, म्हणून गळ्याच्या हाडाखालून एक नळी आत घालायची, ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. नवऱ्यानं विचारलं, त्यासाठी पुण्याला न्यायला पाहिजे का. सर्जन म्हणाले, आता ते सगळं इथं होतं. हे सांगताना त्यांच्या तोंडावर आलेलं समाधान मला आवडलं होतं. आपल्या जिल्ह्यात काही होतं, हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

नळी घालायच्या आधीच पहिलं भांडण झालं. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात इष्टलिंग होतं आणि ते नेमकं नळीच्या वाटेवर येत होतं. सर्जननी काढून ठेवायला सांगितलं. सासूबाई आडव्या आल्या. त्या म्हणाल्या, मेल्यावरसुद्धा ते अंगावरच राहतं, तर जित्या बाईच्या अंगावरून काढायचं कशाला. बराच वेळ बोलाचाली झाली आणि शेवटी ते माझ्या डाव्या दंडाला बांधलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी तिथंच होते, दोघांच्या मधे, उताणी.

सिस्टरनं माझा गळा आणि छाती औषधानं घासली तेव्हा कातडीवरचे फिकट डाग उठून दिसले. शिबं. उन्हाळ्यात घामानं मला दरवर्षी यायची. आमच्याकडं निम्म्या बायकांना येतात, कुणी त्याला आजार म्हणत नाही. सिस्टरनंही म्हटलं नाही.

नळी बसली आणि बाटल्या सुरू झाल्या. साखरेच्या पाण्याची एक, पिवळसर एक, आणि तिसरी पांढरी, अगदी दुधासारखी. ती स्निग्धाची. माणसाला तेलतूप लागतं ते त्यातून मिळतं, असं सर्जन म्हणाले. पहिल्या दोन बाटल्यांकडं कुणी बघितलं नाही. पांढरीची मात्र कीर्ती झाली. ती बीडला मिळत नव्हती, औरंगाबादहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं खोक्यात घालून यायची. गावाकडून भेटायला आलेली माणसं माझ्याकडं बघायच्या आधी तिच्याकडं बघायची. सासूबाई तिला दूध म्हणायच्या. "आज दूध चढलं का?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न असायचा. नवरा आल्यागेल्याला समजावून सांगायचा की ह्यात ताकद असते, भाकरीत नसते एवढी.

मला त्या बाटलीनं पोट भरल्यासारखं कधी वाटलं नाही. भूक काही शिरेतून भागत नाही. तोंड कोरडं, जीभ चामड्यासारखी, आणि समोर टीव्ही. दर थोड्या वेळानं कढईत पुरी फुगायची. तेलाची जाहिरात. मग शेवयांची, मग चॉकलेटची. देशात सगळं मिळायला लागलं होतं आणि ते सगळं त्या खोलीत मला दाखवलं जात होतं. बंद करा म्हटलं तर सासूबाई म्हणायच्या, असू दे, तेवढाच तुझा वेळ जातो. वेळ त्यांचा जात होता.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग ताप सुरू झाला.

सकाळी पांढरी बाटली लागायची, दुपार व्हायच्या आत हुडहुडी. दात वाजायचे, पलंग हलायचा, मे महिन्यात अंगावर दोन चादरी. मग घाम, मग सगळं शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासायला गेलं. हिवताप नाही. तरीही हिवतापाची इंजेक्शनं झाली, कारण आमच्याकडं हुडहुडी म्हणजे हिवताप. मग विषमज्वराचा संशय आला. मग जखमेत पू असेल म्हणून पोटाची सोनोग्राफी. तीही स्वच्छ. हाताच्या शिरेतून रक्त घेऊन त्यात जंतू वाढतो का ते बघितलं, काही वाढलं नाही. तरी जंतूंवरची औषधं चालूच. एक बंद झालं की दुसरं, त्याहून नवं. सर्जन प्रत्येक वेळी म्हणायचे, हे नुकतंच बाजारात आलंय, ह्यानं नक्की उतरेल.

ताप कधी येतो हे मला कळत होतं. बाटली लागल्यावर. त्यातही नळी अडखळली आणि सिस्टरनं सुईनं पाणी जोरात ढकलून ती मोकळी केली, की त्यानंतर हमखास. मी सर्जनना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले की पेशंटला अशक्तपणामुळं असं वाटतं. मी समोर असताना, माझ्याबद्दल, नवऱ्याला.

मग मी माझं डोकं चालवलं. मी तेल विकणारी बाई. उन्हात ठेवलेलं तेल खवट होतं, हे मला माहीत होतं. ही बाटली ट्रॅव्हल्सच्या टपावरून येत असेल, तापत असेल, आत नासत असेल. नवऱ्याला म्हटलं, बाटली खराब येती. त्याला पटलं, कारण ही दुकानदारीची भाषा होती. तो स्वतः औरंगाबादला गेला आणि थर्माकोलच्या पेटीत घालून मांडीवर बाटल्या घेऊन आला. एवढी निगा त्यानं आमच्या लेकीची तान्हेपणी केली नसेल. दुसऱ्या दिवशी ती बाटली लागली आणि दुपारच्या आत मी पलंगासकट हलत होते.

नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला त्याचा राग आला, बाटलीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला, कारण आता मी काहीही म्हटलं तरी कुणी मानणार नव्हतं.

त्यात मामा आले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. केज तालुक्यात त्यांचं मोठं वजन. गाडी, गाडीमागं गाडी, पांढरे कपडे घातलेली माणसं. दवाखान्याचा जिना त्यांच्या चपलांनी वाजायला लागला की सिस्टरी पदर सारखे करायच्या. मामा माझ्या पायाशी उभे राहिले, माझ्या गालाची हाडं बघितली आणि सर्जनना बोलावणं पाठवलं.

"पोरगी वाळून चालली, साहेब," ते म्हणाले. "एकच बाटली काहून देता? दोन द्या. बाटल्या आणायचं आमी बघतो."

सर्जन म्हणाले, त्याचं एक प्रमाण असतं. मामा म्हणाले, प्रमाण तुमचं, पोरगी आमची. सर्जनचा दवाखाना नवा होता आणि मामांची ओळख जुनी. दोन नाही, पण दीड बाटली सुरू झाली. ताप दुपारचा यायचा तो आता दुपारी आणि संध्याकाळी यायला लागला. नळी जास्त अडखळायला लागली. माझ्या अंगावर बारीक लाल ठिपके उठले. सर्जननी आणखी एक औषध बदललं.

दवाखान्याच्या तळमजल्यावर लॅब होती. तिथं एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, सर्जनांपेक्षा लहान, बारीक आवाजाच्या. माझं रक्त पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं जात होतं आणि पुन्हा पुन्हा काही न उगवता पडून राहत होतं. एक दिवस त्या स्वतः वर आल्या. कागदावरचा माझा ताप बघितला, पांढरी बाटली बघितली, आणि मला विचारलं, हुडहुडी कधी येते. मला. मी सांगितलं, बाटली लागल्यावर, नळीत पाणी ढकललं की. त्यांनी मान हलवली आणि हाताचं रक्त घेतलंच नाही. नळीतून उलटं रक्त ओढून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सर्जनांबरोबर माझ्या खोलीत आल्या आणि दोघांचं माझ्या पलंगाच्या दोन बाजूंनी बोलणं झालं. आवाज कुणी चढवला नाही, पण मी भूल न देता कापली गेल्यासारखी मधे पडून होते. बाईंचं म्हणणं असं की नळीतल्या रक्तात त्यांना दुर्बिणीखाली बुरशी दिसली आहे. पांढरी बाटली बंद करा आणि नळी काढून टाका. सर्जन म्हणाले, अशी बुरशी त्यांनी फक्त कमी दिवसांच्या बाळांच्या बाबतीत ऐकली आहे. मोठ्या माणसात नाही. एका काचेवर काहीतरी दिसलं म्हणून चालू नळी काढली, तर ही बाई काय खाणार? दुसऱ्या बाजूला शीर सापडेल याची खात्री काय? त्यांचंही चुकत नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला दोघांचाही संताप आला होता.

"उगवून दाखवा," सर्जन म्हणाले. "उगवलं तर काढतो."

बाई म्हणाल्या, साध्या थाळीत ती उगवत नाही, म्हणून तर इतके दिवस दिसली नाही. सर्जन तोवर दारापर्यंत गेले होते.

दुपारी बाई पुन्हा आल्या, आणि या वेळी त्यांना काम माझ्या नवऱ्याकडं होतं. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल पाहिजे होतं, शुद्ध, कुठलाही वास न घातलेलं. बाजारातल्या औषधांच्या दुकानात विचारून झालं होतं. तुम्ही तेलाचे व्यापारी आहात असं ऐकलं, त्या म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं मालिश करायची आहे. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं नीट सांगितलं. आमच्या दोघांना आणि कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाईंना. ही बुरशी म्हणजे काही बाहेरून आलेलं संकट नाही. ती सगळ्यांच्या कातडीवर असते. डोक्यात कोंडा होतो, गळ्यावर शिबं येतात, ती हिच्यामुळंच. एरवी ती कुणाचं वाईट करत नाही. पण तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही, ती बाहेरून मिळावी लागते. कातडीवर ती घामातल्या तेलकटपणावर जगते. माझ्या कातडीवरून ती नळीत उतरली असावी, आणि नळीतून रोज पांढरी बाटली वाहत होती. नळीच्या आतल्या बाजूला तिनं थर धरला होता. बाटली लागली की ती वाढायची, पाणी ढकललं की सुटून रक्तात जायची, आणि मला हुडहुडी भरायची. लॅबच्या थाळीत स्निग्ध काही नसतं, म्हणून तिथं ती उपाशी मरायची आणि आम्हाला सांगितलं जायचं की रक्त स्वच्छ आहे. आता बाई त्या थाळीवर जैतुनाच्या तेलाचा पातळ थर देऊन बघणार होत्या.

मी ऐकत होते आणि मला रडू येत होतं. बरं वाटून नव्हे. इतके दिवस मी तोंडात पाण्याच्या थेंबासाठी तळमळत होते आणि माझ्या आत दुसरंच कुणीतरी रोज जेवत होतं.

बाईंनी जाता जाता सासूबाईंना सांगितलं की सुनेच्या डोक्याला तेल लावू नका, निदान नळीच्या पट्टीजवळ तेलकट हात नको. सासूबाई रोज सकाळी माझे केस खोबरेल लावून विंचरत होत्या. माझं तेवढंच एक सुख होतं आणि त्यांचंही. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी माझ्या तेलानं हिला ताप आला म्हणता व्हय?"

बाई म्हणाल्या, तसं नाही, बुरशी कशामुळं आली ते सांगता येत नाही. पण सासूबाईंनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं.

तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, आणि हे त्यानं केवळ व्यापाऱ्याच्या चौकसपणानं विचारलं, की ही पांढरी बाटली मग कोणत्या तेलाची असते.

"सोयाबीनचं तेल असतं," बाई म्हणाल्या. "तेल पाण्यात मिसळत नाही ना, म्हणून ते धरून ठेवायला अंड्याच्या बलकातला एक पदार्थ घालतात."

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नव्हतं. दुकानात लोक विचारायचे, आम्ही विकत नव्हतो. सासूबाई ज्या घरात अंडं शिजतं तिथं पाणी पीत नसत. त्या उठल्या, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, परत आल्या आणि बाटलीकडं न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "मामाला फोन लाव."

नवरा खालच्या एसटीडी बूथवर गेला. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सासूबाईंनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"ती बाटली बंद कर," त्या म्हणाल्या. "अंडं हाय त्यात. लिंग बांधलेल्या अंगात अंडं घातलं आपण."

मामा समजूत घालायला गेले की औषधात असं चालतं. त्या म्हणाल्या, तुला चालत असंल, मला न्हाई. मामा आयुष्यात दोनच माणसांना घाबरत असावेत आणि त्यातली एक ही बहीण होती. ते सर्जनांच्या खोलीत गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. थोड्या वेळानं सिस्टर आली आणि पांढरी बाटली खांबावरून उतरवून घेऊन गेली.

मी तापानं फणफणत दिवसांमागून दिवस सांगत होते की बाटली लागली की ताप येतो, तेव्हा ती बंद झाली नाही. एका शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघून सांगितलं, तेव्हा झाली नाही. अंड्याचं नाव निघालं आणि दुसऱ्याच सकाळी झाली. मला हसू यायला पाहिजे होतं. मी उशीत तोंड खुपसून दात आवळले.

मला अंड्याचं काय वाटलं, असं पुढं एका मैत्रिणीनं विचारलं. काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत कुणी मला उकडलेलं अंडं सोलून हातात दिलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. सासूबाईंनी मात्र गावाकडून जंगम स्वामींना बोलावून घेतलं. त्यांनी माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि तीर्थाचा एक थेंब ओठांवर टेकवला. सिस्टर काही म्हणायच्या आत मी तो चाटला. कितीतरी दिवसांनी तोंडाला लागलेली ती पहिली चव, राखेची.

बाटली बंद झाली तसा ताप कमी झाला. गेला नाही. नळी जागेवरच होती आणि सर्जन ती काढायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, बघा, नवं औषध लागू पडतंय. सासूबाईंचं म्हणणं, बघा, अंडं बंद केलं. दोघं समाधानी. तिकडं नवरा जुन्या बाजारात हिंडत होता. अत्तर, सुरमा आणि हकिमी औषधं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं त्याला जैतुनाच्या तेलाचा छोटा डबा मिळाला. लहान लेकरांच्या मालिशीला लोक नेतात, असं दुकानदार म्हणाला, आणि लेकरू कसं आहे विचारलं. नवरा म्हणाला, बरं आहे.

बाईंनी ते तेल लॅबमध्ये तापवून निर्जंतुक केलं आणि थाळीवर पसरलं. मग वाट बघणं. या मधल्या काळात मी रोज सिस्टरला विचारायची, उगवलं का. शेतकरीही एवढं विचारत नसेल. ती म्हणायची, नाही. एकदा वीज दिवसभर गेली, आणि लॅबमधलं उबदार कपाट थंड पडलं म्हणून बाई चिडून जनरेटरवाल्याशी भांडल्या, हे सिस्टरनं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मग एके सकाळी नळीतून साखरेचं पाणीही जाईना. सिस्टरनं सुई लावून ढकललं. ढकलू नका म्हणेपर्यंत ढकललं होतं. त्या दिवशीची हुडहुडी सगळ्यात वाईट. नखं निळी पडली, आणि मला वाटलं आता संपलं. माझी लेक डोळ्यापुढं आली, ती सिरसाळ्यात शेजाऱ्यांकडं होती. सर्जन धावत आले. त्यांच्या मागं बाई, हातात काचेची थाळी. त्यांनी ती सर्जनांच्या डोळ्यांपुढं धरली. थाळीवर तेलाच्या चमकेखाली मलईच्या रंगाचे बारीक ठिपके होते. एवढ्याशा ठिपक्यांसाठी माझे इतके दिवस गेले होते.

माझ्यात बोलायचं बळ नव्हतं, तरी मी सर्जनांचं मनगट धरलं. "डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "मी उपाशी मेले तर तुमचा दोष न्हाई. पण ही नळी काढा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नवऱ्याकडं नाही. टाका कापला आणि नळी ओढून काढली. दुखलं नाही. नळीचं टोक कात्रीनं कापून बाई बाटलीत घालून घेऊन गेल्या. बुरशीवरचं एक जहाल इंजेक्शन सर्जननी त्याच दिवशी मागवून ठेवलं होतं, ते द्यावं लागलं नाही. नळी गेली, बाटली गेली, आणि ताप दोन दिवसांत उतरला तो परत आला नाही.

आता शिरेतून जेवण नव्हतं. हातावर साधी सलाईन आणि तोंडानं मीठ-साखरेचं पाणी, मग भाताची पेज, चमचा चमचा. खाल्लेलं तसंच निघून जायचं. मी मोरीच्या दाराशीच चटई टाकून घेतली होती. सर्जन रोज यायचे आणि न रागावता सांगायचे, थांबू नका, थोडं थोडं घालत राहा. त्या दिवसांत ते मला पहिल्यांदा आवडले. पेज झाली, मग ज्वारीच्या कण्या झाल्या, मग एक दिवस भाकरीचा पापुद्रा मी अर्धा तास चघळला. आतड्यानं शिकायला घेतलं होतं, पण शाळेत मागं पडलेल्या पोरासारखं. पावसाळा अर्धा सरला तेव्हा मी घरी आले. अंगावरची चोळी खांद्यावरून घसरत होती.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी खाली लॅबमध्ये डोकावले. मला बाईंशी बोलायचं होतं. आभार तर होतेच, पण मला विचारायचं होतं की ती बुरशी सुरुवातीला नळीत कशी गेली. शिबांवरून, खोबरेलातून, सिस्टरच्या हातातून, की कशातून. तिथं दुसरेच कुणी डॉक्टर बसले होते. बाई नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेल्या, असं कळलं. सर्जनांना विचारलं तर ते म्हणाले, आता झालं ते झालं, तुम्ही वजन वाढवा.

वजन वाढलं, पण पूर्वीसारखं कधीच नाही. आजही मला पंगतीत बसता येत नाही. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, तळलेलं जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या वर्षी मामांच्या घरचं लग्न नांदूरघाटला होतं. बायकांच्या घोळक्यात सासूबाई माझं आजारपण सांगत होत्या. त्यांच्या तोंडून ते मी अनेकदा ऐकलं होतं. डॉक्टरांनी न सांगता अंडं चढवलं, अंगावरच्या लिंगानं ते खपवून घेतलं नाही, म्हणून ताप आला, आणि अंडं बंद केल्याबरोबर उतरला. मंडपात दुसरीकडं मामा पुरुषांना सांगत होते की औरंगाबादहून महागड्या बाटल्या आणवल्या, त्या दुधानं पोरगी वाचली. बहीणभावाच्या गोष्टी एकमेकींच्या उलट होत्या आणि दोघांनाही ऐकणारे भरपूर होते.

मी मधे बोलले. म्हटलं, अंड्यानं काही झालं नव्हतं. कातडीवरची बुरशी नळीत गेली होती, आणि त्या बाटलीतलं तेल तिला रोज मिळत होतं म्हणून ती माजली. एक बाई म्हणाली, बुरशी लोणच्याला येती, माणसाला कशी येईल. सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणात तिला लई काय काय वाटायचं. मी तिथून उठले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी नवऱ्यापाशी कुरकुर केली. म्हटलं, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, तुम्ही स्वतः तेल आणलं, तुम्ही तरी सांगायचं. पहिल्या दिवसापासून मी म्हणत होते की बाटलीनं ताप येतो.

तो म्हणाला, "तू म्हणत होतीस बाटली नासलेली हाय. ती नासलेली नव्हती. बाटली न मिळती तर पहिल्या पंधरवड्यातच तू गेली असतीस, हे बी डॉक्टरच म्हणले. मामाचं निम्मं खरं, आईचं निम्मं खोटं, तुझं बी निम्मंच. कुणाकुणाला काय सांगू मी?"

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी काचेबाहेर बघत बसले. पोटात गुरगुरायला लागलं होतं, लग्नातला एक घास जास्तीचा झाला होता. पुढच्या फाट्यावर गाडी थांबवा, एवढंच मी त्याला म्हटलं.